साडेपाच मिनिटांची धाव: पावसाळ्यात ट्रेडमिलवर तयारी कशी करायची

मृग लागला की बेळगावातली मैदानं हातातून जातात. व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली तांबडा चिखल होतो, गावाकडच्या शाळेच्या पटांगणात तळं साचतं, आणि खानापूर-जांबोटीकडच्या पोरांना तर सप्टेंबरपर्यंत कोरडा रस्ता मिळणं मुश्कील. सैन्य-पोलीस भरतीची जाहिरात काही पाऊस बघून निघत नाही. म्हणून दर जून-जुलैमध्ये यळ्ळूर, कडोली, उचगाव, बेळगुंदीची पोरं-पोरी जिमच्या दारात येऊन विचारतात, "सर, ट्रेडमिलवर धावून भरती निघते काय?"

निघते. पण मशीन कसं वापरायचं ते कळलं तरच. मी शहापूरमधल्या एका जिममध्ये सकाळच्या पाळीला शिकवतो, आणि हे सगळं लिहायला माझ्याकडे एक कारण आहे. माझी स्वतःची लष्कराची धाव ट्रेडमिलवरच्या तयारीवर होती. मशीनवर साडेसतराचा वेग मी शेवटपर्यंत टिकवत होतो. प्रत्यक्ष मैदानावर ५ मिनिटं ४५ सेकंदांना वेळ संपल्याची दोरी आडवी झाली तेव्हा मी पंचवीस-तीस मीटर मागे होतो. पाय कमी पडले नव्हते. मशीनने दाखवलेला आकडा खोटा होता, आणि तो तपासायचा असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आधी तुमचा आकडा काढा

आपल्या भागातला उमेदवार एकाच वर्षात तीन-तीन भरत्यांच्या मागे असतो. सैन्य आहेच, मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र गावात असल्यावर ते स्वप्न लहानपणापासून डोळ्यांसमोर असतं. शिवाय कर्नाटक पोलीस. शिवाय सीमाभागातल्या ८६५ गावांतले असाल तर महाराष्ट्र पोलीस. प्रत्येकाची वेळ वेगळी, आणि पोरं त्या एकमेकांत मिसळतात. अग्निवीरसाठी १६०० मीटर साडेपाच मिनिटांत पुरे केले तर पूर्ण ६० गुण. कर्नाटक पोलीस कॉन्स्टेबलसाठी पुरुषांना तेच १६०० मीटर साडेसहा मिनिटांत, आणि ती फक्त पात्रता. महिलांना ४०० मीटर दोन मिनिटांत. महाराष्ट्र पोलिसांत मात्र धावेला गुण आहेत: पुरुषांनी १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत आणि महिलांनी ८०० मीटर २ मिनिटं ४० सेकंदांत पुरे केले तर २० पैकी २०. केंद्रीय दलांच्या जीडी (जनरल ड्यूटी कॉन्स्टेबल) भरतीत पुरुषांना ५ किलोमीटर २४ मिनिटांत, महिलांना १६०० मीटर साडेआठ मिनिटांत. नियम बदलत असतात. जाहिरात मराठीत असो, कन्नडमध्ये असो की इंग्रजीत, धावेची ओळ स्वतः वाचा. मित्राने सांगितलेल्या वेळेवर तीन महिने घालवू नका.

वेळ कळली की तिचा वेग करायचा, कारण ट्रेडमिलला मिनिटं कळत नाहीत, ताशी किलोमीटर कळतात. सोपी रीत आहे. १६०० मीटरसाठी ५७६० हा आकडा पाठ करा आणि त्याला तुमच्या सेकंदांनी भागा. साडेपाच मिनिटं म्हणजे ३३० सेकंद. ५७६० भागिले ३३०, म्हणजे जवळजवळ १७.५. सहा मिनिटांना बरोबर १६. साडेसहाला १४.८. पाच-दहाला १८.६. ८०० मीटर असेल तर २८८० ला भागा: दोन-चाळीसला १८ येतात. ५ किलोमीटरला १८००० धरा. २४ मिनिटांना १२.५. आमच्या जिममध्ये भिंतीवर खडूने हे तीन आकडे लिहून ठेवलेत, आणि नवीन आलेल्याला मी आधी तिथे उभं करतो, मशीनवर नंतर.

मशीन खरं बोलतंय का बघा

हे काम अर्ध्या तासाचं आहे आणि मी त्यावर सगळ्यात जास्त भर देतो.

मशीन बंद असताना पट्ट्याच्या कडेला पांढऱ्या चिकटपट्टीचा बोटभर तुकडा लावा. मग पट्टा हाताने थोडा थोडा सरकवत, खुणा करत, टेपने त्याची पूर्ण लांबी मोजा, चिकटपट्टीपासून पुन्हा चिकटपट्टीपर्यंत. आमच्या एका मशीनचा पट्टा ३ मीटर २० सेंटीमीटर भरला. आता एकाला त्यावर १० च्या वेगाने धावायला सांगा. माणूस पट्ट्यावर असायलाच हवा. रिकामा पट्टा बरोबर फिरतो आणि सत्तर किलो वजन पडलं की मंदावतो, जुन्या मशीनचा दोष तिथेच लपलेला असतो. दुसऱ्याने बाजूने मोबाईलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करायचं आणि चिकटपट्टीच्या वीस फेऱ्यांना खरे किती सेकंद लागले ते बघायचं. मोबाईल नसेल तर डोळ्याने मोजलं तरी चालतं, खूण साधारण सेकंदाला एकदा समोर येते.

वीस फेऱ्या म्हणजे ६४ मीटर. १० च्या वेगाने याला २३ सेकंद लागायला हवेत. आम्हाला साडेचोवीस लागले. मीटर गुणिले ३.६ भागिले सेकंद असं केलं की खरा वेग निघतो: ९.४. म्हणजे शंभरामागे सहाची खोट. ऐकायला किरकोळ वाटते. पण याच हिशेबाने पडद्यावर १७.५ दिसत असताना खरा वेग साडेसोळाच्याही आत, आणि १६०० मीटरला ५ मिनिटं ५० सेकंद. माझी हुकलेली धाव याच हिशेबात बसते. तेव्हा मी जिथे सराव केला त्या मशीनचा पट्टा कुणी कधी मोजला नव्हता.

खोट सापडली म्हणून मशीन टाकून द्यायचं नाही. तुमच्या मशीनला १८.६ लावल्यावर खरे १७.५ मिळत असतील तर तोच तुमचा आकडा, वहीत लिहून ठेवा. एकाच जिममध्ये दोन मशीनं असतील तर दोन्ही वेगवेगळी तपासा, आणि महिन्याने पुन्हा एकदा.

चढाचं बटण १ वर ठेवा. ट्रेडमिलवर तुम्ही जागच्या जागी असता, समोरून वारा कापावा लागत नाही. वेगात धावताना तेवढी मेहनत कमी पडते, ती एक टक्का चढ भरून काढतो.

पहिल्यांदा चढताना

दोन्ही पाय बाजूच्या कठड्यावर ठेवून उभे राहा, लाल चावीची क्लिप बनियनला लावा, आणि मग पट्टा ३-४ च्या वेगाने सुरू करून त्यावर चाला. क्लिपचा कंटाळा करू नका, माणूस मागे पडला की तीच चावी ओढून पट्टा थांबवते. आपल्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही. पट्टा अचानक थांबला तर तोल सावरायला दांडी धरा, पण एरवी धावताना दांडी धरायची नाही. दांडी धरून मारलेला वेग मैदानावर उतरत नाही, कारण तिथे धरायला काही नसतं. नजर समोर, भिंतीवरच्या एखाद्या खुणेवर. पायाकडे बघितलं की माणूस मागे सरकत जातो. शक्य तेवढं पट्ट्याच्या पुढच्या भागात राहा.

बूट घालूनच धावा. गावाकडची बरीच पोरं अनवाणी धावतात, मातीवर ते ठीक आहे, पण पट्ट्याच्या घर्षणाने तळव्याला फोड येतात. पावसात भिजलेले बूट तसेच घेऊन पट्ट्यावर चढू नका. एक कोरडा जोड पिशवीत ठेवा, नसेल तर वर्तमानपत्राचे बोळे घालून रात्रभर सुकवा.

उतरताना वेग हळूहळू ४ वर आणा, दोन-तीन मिनिटं चाला आणि मग खाली या. पहिले काही दिवस खाली उतरल्यावर जमीन पुढे सरकतेय असं वाटतं, घाबरण्यासारखं काही नसतं. पण धावताना छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्या दिवशी पुढे धावायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं.

एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आहे म्हणून सांगतो. पट्टा १७ वर फिरत असताना कठड्यावरून त्यावर उडी मारायची एक पद्धत पोरांमध्ये आहे. एका पोराचा पाय उडीत मागे राहिला आणि तो गुडघ्यावर आपटला. गुडघ्याची आणि दोन्ही तळहातांची साल निघाली, तीन आठवडे त्याला बारला लोंबकळता आलं नाही. नवशिक्याने पट्ट्यावर राहूनच वेग वाढवायचा आणि पट्ट्यावर राहूनच कमी करायचा.

पहिले दोन आठवडे

फक्त सवय. आठवड्यातून चार दिवस, २० मिनिटांपासून सुरुवात करून ३० पर्यंत. वेग असा की शेजारच्या मशीनवरच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता यावं. बहुतेकांचा तो ८ ते १० च्या मध्ये असतो. जिममध्ये वारा नसतो, घाम अंगावरच राहतो, म्हणून पंख्यासमोरचं मशीन मागून घ्या आणि पाण्याची बाटली जवळ ठेवा.

नडगीच्या पुढच्या हाडाला दुखायला लागलं तर दोन दिवस थांबा आणि पुन्हा कमी वेळाने सुरू करा. दाबून धावलात तर दोन दिवसांचं दुखणं दोन महिन्यांवर जातं.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी, पाऊस उघडलेली एखादी पहाट पकडून १६०० मीटर मोजून धावा, जमिनीवर. जी वेळ येईल ती तुमची आजची वेळ. पुढचं सगळं तिच्यावरून ठरवायचं.

खरी मेहनत: ४०० मीटरचे तुकडे

नवखा पोरगा पहिल्याच आठवड्यात पट्टा साडेसतरावर लावतो, दीड मिनिटात खाली उतरतो आणि म्हणतो, आपल्याला जमणार नाही. जमणार नाही असं नाही, त्याने सुरुवात चुकीच्या टोकाकडून केलेली असते.

समजा तुमची आजची वेळ ६ मिनिटं २० सेकंद आहे. म्हणजे वेग जवळपास १५.२. तुम्ही तुकडे सुरू करायचे १५.५ वर. दहा मिनिटं हळू धावून अंग गरम करा, मग ४०० मीटर १५.५ ने, मग तेवढाच वेळ ४.५-५ च्या वेगाने चाला, पुन्हा ४००. असे पाच-सहा तुकडे. पट्टा ५ वरून १५ पर्यंत चढायला वेळ घेतो, त्यामुळे ४०० मीटरची मोजणी पूर्ण वेग आल्यावर सुरू करा, १५.५ ला ४०० मीटर म्हणजे ९३ सेकंद. शेवटचा तुकडा पहिल्यासारखाच निघाला पाहिजे. शेवटच्या दोन तुकड्यांत पाय फाकायला लागले, खांदे कानापर्यंत आले, तर वेग जास्त झाला.

पुढच्या आठवड्यात वेग ०.३ ने वाढवा, किंवा मधली विश्रांती पंधरा सेकंदांनी कमी करा. दोन्ही एकदम नाही.

असे जोराचे दिवस आठवड्यात दोनच, आणि मध्ये किमान दोन दिवसांचं अंतर. दुसऱ्या जोराच्या दिवशी ४०० ऐवजी ८०० मीटरचे तीन तुकडे घ्या, आजच्या वेळेच्या वेगाने. दम धरायला तेच शिकवतात. उरलेल्यांतला एक दिवस ४० मिनिटं निवांत धाव, एक दिवस नुसतं चालणं आणि ताण काढणं. सहा-वीसवरून पाच-चाळीसपर्यंत आठ-दहा आठवड्यांत आलेली पोरं मी पाहिली आहेत. सात मिनिटांवरून साडेपाचवर यायला एक पावसाळा बहुतेकांना पुरत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. अशांनी कर्नाटक पोलिसांच्या साडेसहावर आधी नजर ठेवावी.

निपाणी-चिकोडीकडच्या लहान जिममध्ये किंवा घरच्या मशीनवर १४ किंवा १६ च्या पुढे पट्टा जातच नाही, ही तक्रार नेहमीची. तिथे चढ कामाला येतो. १६ च्या वेगावर चढाचा एक टक्का साधारण पाऊण किलोमीटर वेगाएवढी मेहनत घेतो. म्हणजे १६ वर ३ टक्के चढ ठेवलात (त्यातला पहिला टक्का वाऱ्याच्या बदल्यात जातो) तर दम साडेसतराएवढाच लागतो. पण पायांची उचल तेवढी जलद होत नाही, ती मशीनवर मिळणार नाही. त्यासाठी आठवड्यातून दोनदा कोरड्या रस्त्यावर ८०-१०० मीटर जोरात, पण सुटं धावा, सहा वेळा, प्रत्येक वेळी पूर्ण दम घेऊन.

टॉवेल टाकून धावणं

आता मशीनचा एक मोठा तोटा, ज्याकडे कुणाचं लक्ष नसतं. ट्रेडमिलवर वेग तुम्ही धरत नाही, पट्टा धरतो. तुम्ही फक्त मागे पडत नाही. मैदानावर वेग धरणारं कुणी नसतं, आणि तीन महिने पट्ट्याच्या भरवशावर धावलेलं शरीर तिथे गोंधळतं. गेल्या पावसाळ्यात कडोलीचा एक पोरगा म्हणाला, "सर, मशीनवर पाच-पंचवीस मारतोय, खरं मैदानात सहाच्या आत येईना." मशीन तपासलेलं होतं, आकडा खरा होता. मैदानावर त्याने पहिली फेरी ७० सेकंदांत मारली होती आणि तिसऱ्या फेरीत तो चालायला लागला होता.

त्याच्यासाठी सुरू केलेली रीत आता मी सगळ्यांना देतो. पडद्यावर टॉवेल टाकायचा. मित्राने बाजूला उभं राहून टॉवेलखालून वेग लावायचा, १४ ते १८ मधला कुठलाही, आणि धावणाऱ्याने अर्ध्या मिनिटात वेग ओळखून सांगायचा. ओळखायचं कशावरून? पावलांच्या आवाजावरून आणि श्वासावरून. किती पावलांना श्वास आत जातो, किती पावलांना बाहेर, हे प्रत्येकाचं वेगळं असतं, पण एका माणसाचं एका वेगाला फारसं बदलत नाही. १६ ला तीन पावलांना आत घेणारा पोरगा १७.५ ला दोन पावलांवर येतो, असं काहीतरी तुम्हालाही सापडेल. उजवा पाय तीस सेकंदांत किती वेळा पडतो तेही मोजा, या वेगांना तो आकडा पंचेचाळीसच्या आसपास येतो. पहिल्या दिवशी सगळेच चुकतात. तीन आठवड्यांत बहुतेक पोरं अर्ध्या किलोमीटरच्या फरकाने बरोबर सांगायला लागतात. त्या कडोलीच्या पोराने एकदा टॉवेलखाली १७.२ असताना "सतराच्या थोडं वर" असं सांगितलं, तेव्हा मला त्याच्या धावेची काळजी राहिली नाही.

मैदानावर उतरताना

परीक्षेच्या आधीचे तीन आठवडे जोराचे दोन्ही दिवस जमिनीवर न्या, मशीन फक्त हलक्या धावेला ठेवा. ४०० मीटरच्या फेरीने साडेपाच मिनिटं म्हणजे एका फेरीला साडेब्याऐंशी सेकंद, अर्ध्या फेरीला ४१. साडेसहाला फेरी साडेसत्त्याण्णवची. आधी घड्याळ न बघता २०० मीटर धावा आणि मग बघा. ३६ आले तर टॉवेलखालचा तो श्वास आठवा आणि पुन्हा धावा. ४१-४२ सलग चार वेळा येईपर्यंत हेच करायचं. परीक्षेत शिट्टी वाजली की सगळा घोळका सुटतो, पहिले शंभर मीटर कोपर लागतात, त्या लाटेत वाहून गेलेला तिसऱ्या फेरीत सापडतो. पहिली फेरी ८० च्या खाली जाऊ देऊ नका.

ट्रेडमिलला वळण नसतं. मैदानावर चार फेऱ्या म्हणजे आठ वळणं, आणि प्रत्येक वळणावर बाहेरून गेलात तर अंतर वाढतं. आतली कड धरा. कुणाला मागे टाकायचं असेल तर सरळ भागात टाका. ओल्या मातीवर पाऊल आखूड ठेवा.

भरती पहाटे असते, आणि बाहेरगावची पोरं आदली रात्र मैदानाच्या बाहेरच काढतात. म्हणून शेवटच्या पंधरवड्यात निदान तीन धावा पहाटे पाचच्या आधी करा. धावेआधी दीड-दोन तास एक-दोन केळी किंवा वाटीभर नाचणीची आंबील, भाकरी-भात नाही. गेटबाहेर कुणी गोळी किंवा इंजेक्शन देऊ करेल, हात लावू नका. त्याने जीव जाऊ शकतो. शेवटच्या आठवड्यात धाव निम्मी करा. या आठवड्यात कमावण्यासारखं काही उरलेलं नसतं, फक्त पाय ताजे ठेवायचे असतात.

सैन्याच्या भरतीत धावेनंतर बीम असतो, दहा पुलअप्स काढले तर ४० गुण, आणि दम पुरता खाली बसायच्या आत नंबर येऊ शकतो. म्हणून रेषा ओलांडली की खाली बसायचं नाही, गुडघ्यावर हात ठेवून वाकायचंही नाही; चालत राहायचं, नाकाने श्वास घ्यायचा, हात झटकायचे. याची सवय जिममध्येच लागते. आठवड्यातून एकदा तुकडे संपवून पट्ट्यावरून उतरा, पाच मिनिटं चाला आणि थेट बारला लोंबकळा. पहिल्या वेळी पाच निघतील, कदाचित चार. पुढच्या शनिवारी पुन्हा.